गल्ला कुणाचा?

मॉल आले तरी गल्लीतला वाणी संपला नाही, ही गोष्ट आता सगळेच कौतुकाने सांगतात. सप्टेंबर २०१२ मध्ये केंद्र सरकारने किरकोळ व्यापारात ५१ टक्के परकीय गुंतवणुकीला परवानगी दिली, तेव्हा देशभर बंद झाला, मोर्चे निघाले. आता लहान दुकानदार बुडणार, असे आपल्यापैकी अनेकींनीही भाषणांत सांगितले. झाले वेगळेच. २००१ साली वाजतगाजत सुरू झालेल्या बिग बाजारची दुकाने २०२२ मध्ये कर्जापायी हातची गेली. मुंबईत हाजीअलीजवळ १९९९ साली उघडलेला क्रॉसरोड्स हा देशातल्या पहिल्या मॉलपैकी एक. त्याचीही रया गेली. गल्लीच्या कोपऱ्यावरचा किराणा मात्र चालूच आहे.

आनंद वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण अर्थशास्त्राचे जाणकार याचे कारण सांगतात, तेव्हा आपण कान टवकारायला हवेत. ते म्हणतात, लहान दुकानाचा खर्च कमी असतो. जागेचे भाडे नाही, नोकरांचा पगार नाही, दुकान पहाटेपासून रात्रीपर्यंत उघडे. आता, नोकर नाहीत आणि दुकान पंधरा-सोळा तास उघडे, मग तिथे काम कोण करते?

शिरड शहापूर हे औंढा-वसमत रस्त्यावरचे गाव, औंढा नागनाथ तालुक्यातले. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत ते परभणी जिल्ह्यात होते. मल्लिनाथाच्या जैन मंदिरामुळे बाहेरगावचे लोकही त्याला ओळखतात. या गावात मॉल नाही. मॉल आणि मोठी दुकाने पाहायची तर नांदेड गाठायचे. लग्नाचा बस्ता असेल, दिवाळीचे कपडे असतील, तेव्हा लोक जातातही. पण चहापत्ती, गूळ, पाच रुपयांचे तेल, आजारी पोरासाठी बिस्किटाचा पुडा, यासाठी कोण नांदेडला जाणार? ते गावातच मिळते. आणि अशा गावातले दुकान म्हणजे बहुतेक वेळा घराचीच पुढची खोली.

अशा दुकानाचा दिवस कसा जातो ते आपल्यापैकी अनेकींनी माहेरी नाहीतर सासरी पाहिलेले आहे. सकाळी सहाला कुणीतरी साखरेसाठी कडी वाजवते, उठून दार उघडते ती बाई. डाळ निवडणे, पाखडणे, पुड्या बांधणे तिच्याकडे. चुलीवर भाजी आणि दारात गिऱ्हाईक, दोन्हीकडे एकदम लक्ष तिचे. दुपारी गाव झोपते तेव्हा मांडीवर पोर घेऊन दुकानात बसते तीच. नवरा माल भरायला वसमतला किंवा नांदेडला जातो, ते कष्टाचे काम आहे, कमी लेखायचे कारण नाही. पण संध्याकाळी हिशेबाची वेळ झाली, चार माणसे पायरीवर टेकली, की गल्ल्यावर तो बसतो आणि ती आत भाकरी थापायला जाते. पाटीवर नाव त्याचे, नाहीतर सासऱ्याचे, नाहीतर 'अँड सन्स'. 'अँड सुना' अशी पाटी अजून आमच्या तरी पाहण्यात नाही!

अशा बाईला कोणी विचारले, 'तुम्ही काय करता?' तर ती म्हणते, 'काही नाही, घरीच असते.' सरकारच्या कागदांतही ती जवळपास अशीच दिसते. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कामगार पाहणीत काम करणाऱ्या स्त्रियांपैकी एक तृतीयांशाहून जास्त 'घरच्या उद्योगातल्या मदतनीस' आहेत, म्हणजे काम आहे पण मोबदला नाही. यांत बहुसंख्य शेतातल्या, पण दुकानातल्याही याच रकान्यात. उलट २०१३ च्या सहाव्या आर्थिक गणनेत सुमारे ५ कोटी ८५ लाख उद्योगधंद्यांपैकी बायकांच्या मालकीचे निघाले सुमारे ८० लाख, शंभरात चौदा. मदतनीस व्हायला बाई, मालक व्हायला पुरुष.

मॉलशी टक्कर घेण्याचे जे बळ लहान दुकानात आहे, त्यातले मोठे बळ हे बिनपगारी श्रम आहेत. हे एकदा स्पष्ट म्हटले पाहिजे.

दुसरे बळ उधारीचे, आणि त्यातही बाई दोन्ही बाजूंना आहे. हिंगोलीकडे सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीला येतो, हळद काढून, शिजवून, वाळवून विकेपर्यंत उन्हाळा लागतो. मजुरीवर जगणाऱ्या बाईच्या हातात पैसा आठवड्याच्या बाजाराला येतो, पावसाने उघडीप दिली नाही तर तोही नाही. मधले दिवस कसे काढायचे? दुकानदाराच्या वहीवर. मॉलचे यंत्र ओळख ठेवत नाही. दारातली बाई ठेवते. कुणाच्या घरी बाळंतीण आहे, कुणाचा माणूस ऊसतोडीला गेला, कुणाचा नवरा दारूत सगळे घालवतो, हे तिला ठाऊक असते. त्या माहितीवरच ती 'ने, मागून दे' म्हणते. बँकेच्या भाषेत याला पत ठरवणे म्हणतात आणि त्यासाठी तिथे पगारी साहेब असतो. आपली दुकानदारीण हे काम चूल फुंकता फुंकता करते. उधारी बुडाली तर मात्र नवऱ्याची बोलणी तिलाच बसतात.

वहीत खाते कुणाच्या नावाचे असते? माल नेते बाई, नाव लिहिले जाते नवऱ्याचे किंवा मुलाचे. फेडण्यासाठी राबते तीच.

लहान दुकानाचे सगळेच गोड आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. जिथे सगळे ओळखतात तिथे सगळे पाहतातही. सुनेने काय नेले, कितीचे नेले, हे संध्याकाळपर्यंत सासूला कळते. पाळीच्या घड्या मागायच्या तर दुकानात पुरुष बसलेला, मग मान खाली, आवाज खाली, आणि पुडा वर्तमानपत्रात गुंडाळून. आत बाई असली की हेच सोपे होते. जातीचेही तेच. दलित गिऱ्हाइकाला माल वरून टाकायचा, पैसे लांबून घ्यायचे, हे गावच्या दुकानांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेले आहे आणि ते सगळे इतिहासजमा झाले असे मानायची घाई करू नये. मॉलमध्ये बाई स्वतःच्या हाताने वस्तू उचलते, भाव वाचते, परत ठेवते, कुणी जात विचारत नाही. तरुण मुलींना तिथे मोकळे वाटते यात नवल नाही. त्यांना 'चंगळवादी' म्हणून झोडपणाऱ्या आपल्यातल्या ज्येष्ठांशी आमचे म्हणूनच जमत नाही.

अर्थात मॉललाही त्याचा उंबरठा आहे. क्रॉसरोड्स उघडला तेव्हा ज्याच्याकडे मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड असेल त्यालाच सरळ आत सोडत. तो नियम पुढे मागे घ्यावा लागला, पण दारावरच्या रखवालदाराची नजर अजून कपडे पाहतेच. आणि आत काम करणाऱ्या मुलींचे काय? दिवसभर उभे राहायचे, गिऱ्हाईक नसले तरी बसायचे नाही. केरळात कोळिकोडच्या बाजारपेठेतल्या कापडदुकानांत काम करणाऱ्या बायकांनी विजी यांच्या पुढाकाराने संघटना बांधली. आधी लघवीला जाण्याच्या सोयीसाठी आणि मग बसण्याच्या हक्कासाठी त्या लढल्या. २०१८ मध्ये केरळ सरकारला कायदा दुरुस्त करावा लागला, २०२१ मध्ये तामिळनाडूनेही तसा कायदा केला. बसायला स्टूल मिळावे म्हणून कायदा करावा लागतो! महाराष्ट्रात २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांसाठी आला. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हा आकडा वीसवर नेण्याचे ठरवले. म्हणजे तालुक्याच्या कापडदुकानात चार-सहा मुली राबतात, त्या आणखीच दूर गेल्या. याच कायद्यात रात्री साडेनऊनंतर बाईला तिच्या संमतीशिवाय कामाला लावता येणार नाही, असे कलम आहे. चांगले आहे. पण घरच्या दुकानात रात्री दहाला कडी वाजल्यावर उठणाऱ्या बाईची संमती कोणी विचारायची? कायदा नोकरांसाठी, आणि ती तर 'घरची'.

तेव्हा 'मॉल हटाव, दुकान बचाव' एवढी घोषणा आपल्याला पुरणारी नाही. ज्या परळ-लालबागच्या गिरण्यांच्या जागी पुढे मॉल उभे राहिले, तिथे खाणावळी चालवणाऱ्या बाया सावकाराच्या कर्जावर शेकडो गिरणी कामगारांना जेवू घालत होत्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले, आणि त्या बायांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज स्वतःच्या नावावर मिळवून दिले. खाणावळ तीच, कष्टही तेच, पण कागदावर बाई आली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडल्या तरी ते काम टिकले. आपल्याकडे शेतकरी संघटनेने चांदवडच्या १९८६ च्या महिला अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, नवऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन करावी म्हणून. संघटनेच्या इतर भूमिकांशी आमचे मतभेद आहेत, पण हा प्रश्न त्यांनी गावागावांत उभा केला हे मान्य करायला हवे. शेताची लक्ष्मीमुक्ती निदान चर्चेत तरी आली. दुकानाची कधी आलीच नाही.

याचे महत्त्व संसार सुरळीत असताना कळत नाही. नवऱ्याने टाकले, दुसरी आणली, किंवा तो गेला आणि दीर दारात उभे राहिले, म्हणजे कळते. वीस वर्षे दुकान चालवलेली बाई पोटगीचा अर्ज घेऊन कोर्टाच्या व्हरांड्यात बसते आणि तिने वाढवलेल्या धंद्यात तिचा वाटा शून्य. गोव्यात जुन्या पोर्तुगीज नागरी कायद्यामुळे लग्नानंतर मालमत्ता सर्वसाधारणपणे दोघांची धरली जाते. महाराष्ट्रात तसे नाही. मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये घर सांभाळणाऱ्या बायकोच्या श्रमांमुळेच नवऱ्याला मिळकत घेता आली, म्हणून त्यात तिचा अर्धा वाटा, असा निकाल दिला. हा निकाल आपल्या कार्यकर्त्यांनी वकिलांना दाखवावा. पण प्रत्येक दुकानदारणीने त्यासाठी कोर्टात जावे का?

रेशनकार्डावर २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने घरातल्या थोरल्या बाईला कुटुंबप्रमुख केले. स्वस्त धान्य दुकानाचे परवाने देताना राज्यात महिला बचत गटांना प्राधान्य आहे. घर बाईच्या नावे घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, पण ती राहत्या घराला, दुकानाला नाही. ती दुकानालाही मागायला हवी. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नवराबायको दोघांची नावे लावण्याचा शासन निर्णय २००३ सालचा आहे. दुकान घराच्या पुढच्या खोलीत असेल तर हा कागद पहिला.

आणि एक साधी गोष्ट. हल्ली अगदी खेड्यातल्या दुकानातही पैसे घेण्याचा चौकोनी ठशाचा कागद चिकटवलेला असतो, शेजारी 'रुपये प्राप्त झाले' म्हणून ओरडणारे डबडे. समोर बसलेली असते बाई, पैसे जमा होतात नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खात्यात. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे दीड हजार जिच्या खात्यात आले, तिचे स्वतःचे खाते आहे हे तर आता सिद्धच झाले. मग दुकानातला तो कागद तिच्या खात्याचा का नको? गटाच्या पुढच्या बैठकीला ज्या ज्या बाईचे दुकान आहे तिने येताना चार कागद आणावेत : नमुना ८ चा उतारा, दुकानाच्या नोंदणीचा कागद, अन्न खात्याची नोंदणी, आणि त्या चौकोनी ठशाखालचे नाव लिहून घेतलेली चिठ्ठी.