फोटोवाला लपतो कुणापासून?



आवणी सुरू झाली की पाड्यांवर फोटोवाले दिसू लागतात. कुणी पेपरासाठी येतो, कुणी संस्थेच्या अहवालासाठी. बहुतेक मनाने चांगले असतात. त्यांचं एक म्हणणं असतं : काम करणाऱ्याला कॅमेरा दिसता कामा नये. दिसला की तो काम टाकून ताठ उभा राहतो आणि फोटो खोटा होतो.

यात तथ्य आहे. “बाई, मोळी परत डोक्यावर घ्या, जरा हसा,” असं सांगून काढलेला फोटो आपल्यालाही नको. जो गडी दोन दिवस बांधावर गप बसतो, चिखलात उतरतो, आपल्यातली भाकर खातो, त्याच्या कॅमेऱ्याकडे तिसऱ्या दिवशी पोरंसुद्धा बघत नाहीत. असं न दिसणं आम्हाला मान्य आहे. झाडाआड उभं राहून, लांबून, न विचारता काढलेला फोटो ही मात्र चोरी आहे.

अमेरिकेत लुईस हाईन नावाचा एक मास्तर होता. 1908 पासून त्याने सूतगिरण्यांत, कोळशाच्या खाणींत राबणाऱ्या लहान पोरांचे फोटो काढले. मालक आत येऊ देईनात. मग तो कधी आग-तपासणीचा साहेब बनून, तर कधी बायबल विकणारा बनून आत शिरायचा. पोरांशी मात्र तो बोलायचा. नाव, वय, किती तास काम, सगळं विचारून घ्यायचा, आणि खिशातल्या खिशात हात घालून लिहायचा. पोराची उंची आपल्या कोटाच्या बटणांवरून मोजायचा. तो लपला तो मालकापासून, मजुरापासून नाही. त्या फोटोंनी देशभर बोंब झाली. 1916 साली कायदा झाला, 1918 मध्ये कोर्टाने तो पाडला, पक्का कायदा यायला 1938 उजाडलं. फोटोने एका दिवसात काही होत नाही, हेही त्यातून कळतं.

आपल्याकडे उलटं होतं. फोटोवाला रेंज ऑफिसात चहा घेऊन, साहेबाला सांगून येतो आणि पाड्यावर मात्र लपून फोटो काढतो. राबासाठी फांद्या तोडणारी बाई, हातात कोयता, तोंड स्पष्ट : त्याला ते चित्र सुंदर वाटतं. तेच छापून गार्डाच्या टेबलावर गेलं की केसचा कागद होतो. जामिनाला मग फोटोवाला येत नाही, आपल्यालाच धावावं लागतं.

म्हणून गावाने आधी विचारावं : कुठे छापणार, खाली काय लिहिणार? तोंड दाखवायचं की नाही ते त्या बाईने ठरवायचं, पाटलाने नाही आणि कार्यकर्त्यानेही नाही. एकदा हो म्हटलं, की मग आपणही नवं लुगडं नेसून रांगेत उभं राहू नये. आपलं काम चालू ठेवावं.

आणि एक प्रत मागून घ्या. मागे तारीख, पाडा, प्लॉट लिहून घ्या. जुनी वहिवाट दाखवताना आजचा फोटो पुरेसा नाही, हे खरं. पण जुना बांध, घराचं जोतं, लावलेला आंबा त्यात दिसू द्या. एवढा आंबा काही सहा महिन्यांत वाढत नाही. उभ्या नाचणीचा फोटोही हवा. पीक तुडवून “इथे काही नव्हतंच” असा पंचनामा झाला, तर तो कामी येईल.

मिळालेल्या प्रती प्लॅस्टिकमध्ये बांधून दंडाच्या पावत्यांसोबत ठेवा, चुलीवरच्या माळ्यावर नको.