दस्तरखान : भोपळ्याच्या मसाल्याचा पाक, घरच्या घरी

उन्हाळा सरत आला की अमेरिकेतल्या कॉफीच्या दुकानांत ‘पम्पकिन स्पाइस’ नावाचे पेय दिसू लागते. तिकडे नांदणाऱ्या आपल्या लेकी-सुना ते आवडीने घेतात आणि त्यांच्या पेल्यातून मुलांनाही त्याची चव लागते. हा पाक घरी करता येईल का, असे काही भगिनींनी आम्हाला पत्रातून विचारले आहे. इकडच्या एका आजींनी लिहिले आहे की सुटीत आलेली नातवंडे हेच मागतात, त्यांना काय द्यावे? दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच असल्याने या महिन्याचा दस्तरखान आम्ही या पाकासाठी राखला आहे.

आधी नावाचा उलगडा करू. नाव भोपळ्याचे असले तरी चव मसाल्याची आहे. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या सणाला भोपळ्याचा गोड पाय करतात. त्यात दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग आणि ऑलस्पाइस घालतात. अमेलिया सिमन्स यांच्या 1796 सालच्या पाककृतींच्या पुस्तकात भोपळ्याच्या पुडिंगला जायपत्री, जायफळ आणि आले सांगितले आहे. पुढे 1930 च्या दशकात हा मसाला तयार डबीत मिळू लागला. 2003 साली स्टारबक्सने त्याच चवीची कॉफी काढली आणि ती घरोघर माहीत झाली. गंमत अशी की पहिली बारा वर्षे त्या कॉफीत भोपळा नव्हताच. तो 2015 साली आला.

आपल्याला ही जोडी परकी वाटायचे कारण नाही. लाल भोपळा, गूळ आणि जायफळ किंवा वेलची घालून घारगे आपल्याकडे कितीतरी घरांत होतात. म्हणजे पाकाचे बहुतेक सामान घरात आहेच. मग तयार बाटली का आणायची नाही? आमच्या मते त्याला तीन कारणे आहेत.

पहिले कारण साखर. दुकानातल्या मोठ्या पेल्यात, म्हणजे सुमारे 470 मिलिलिटर पेयात, सगळी मिळून साधारण 50 ग्रॅम साखर असते. त्यातली काही दुधाची अंगची, पण निम्म्याहून अधिक वरून घातलेली. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसालाही अशी वरची साखर दिवसाला 50 ग्रॅमच्या आत आणि शक्य तर 25 ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. घरचा पाक गोडच असतो, पण चमचा आपल्या हातात असतो.

दुसरे कारण व्हॅनिला. अमेरिकेत ‘व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट’ म्हणून जे विकले जाते, त्यात नियमानुसार किमान 35 टक्के अल्कोहोल असते. या पाकाच्या बहुतेक कृतींत ते सांगितलेले असते. ज्या घरांना ते टाळायचे आहे त्यांना बाटलीवरची बारीक अक्षरे वाचत बसावे लागते. घरी केल्यास प्रश्नच उरत नाही. वेलची तेच काम छान करते.

तिसरे कारण सगळ्यांत गंभीर. 2023 च्या शेवटी अमेरिकेत दालचिनी घातलेल्या, लहान मुलांच्या सफरचंदाच्या लगद्यात शिसे सापडले आणि शेकडो बालकांच्या रक्तात ते उतरल्याचे आढळले. दोष दालचिनीच्या पुडीत होता. पुढच्या वर्षी तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने काही दालचिनी पुडींबाबत लोकांना सावधही केले. शिसे मुलांच्या मेंदूला इजा करते आणि ते चवीवरून किंवा वासावरून ओळखता येत नाही. पुडीत काहीही मिसळणे सोपे असते, अख्ख्या सालीत तितके सोपे नसते. म्हणून आमचा आग्रह आहे की या पाकाला अख्खाच मसाला घ्यावा. त्याचा आणखी एक फायदा आहे. दालचिनीची पूड गरम पाण्यात बुळबुळीत होते, तर साल उकळून गाळली की पाक स्वच्छ राहतो.

साहित्य : पाणी 1 कप (240 मिलिलिटर), साखर 100 ग्रॅम, चिरलेला गूळ 100 ग्रॅम, लाल भोपळ्याचा उकडून गाळलेला गर 3 मोठे चमचे, दालचिनीचे दोन इंचांचे 2 तुकडे, लवंगा 5, सुंठेचा इंचभर तुकडा ठेचून, वेलदोडे 3, जायफळ पाव लहान चमचा किसून, मीठ चिमूटभर. ऑलस्पाइस हे जमैकाकडचे फळ. मिळाले तर 4 दाणे घालावेत, नाही मिळाले तरी अडत नाही.

कृती : भोपळ्याच्या फोडी सालासकट वाफवून घ्याव्यात, म्हणजे गर पाणचट होत नाही. साल काढून गर चाळणीवर घासावा. पातेल्यात पाणी, साखर, गूळ घालून मंद आचेवर विरघळवावे आणि गुळातला कचरा निघावा म्हणून एकदा गाळून घ्यावे. मग ठेचलेला अख्खा मसाला, मीठ आणि गर घालून 15 ते 20 मिनिटे मंद आचेवर ठेवावे. अधूनमधून ढवळावे, गर तळाला लागतो. पाक एकतारी होऊ देऊ नये, नाहीतर फ्रिजमध्ये साखर दाणे धरते. बोटांना नुसता चिकट लागला की आच बंद करावी. आता जायफळ घालून झाकण ठेवावे आणि अर्ध्या तासाने मलमलच्या कपड्यातून गाळावे. साधारण 300 मिलिलिटर पाक होतो. एका मोठ्या चमच्यात सुमारे 10 ग्रॅम साखर येते, हा हिशेब लक्षात असू द्यावा.

जायफळ वाढवण्याचा मोह टाळावा. चिमटीत ते औषध, पण जास्त पोटात गेले तर मळमळ, धडधड आणि भ्रम होतो. दालचिनी रोज वापरायची असेल तर कागदासारखे पातळ पदर असलेली घ्यावी. जाड, एकाच वळणाच्या सालीत कुमारिन नावाचा घटक बराच अधिक असतो आणि तो फार झाला तर यकृताला त्रासदायक ठरतो.

परदेशातल्या भगिनींसाठी एक सूचना. तिथे डब्यातला भोपळ्याचा गर मिळतो. तो आपल्या लाल भोपळ्याच्या जवळचाच असतो, तेव्हा खुशाल वापरावा. मात्र डब्यावर ‘पाय फिलिंग’ लिहिले असेल तर तो घेऊ नये, त्यात साखर आणि मसाला आधीच घातलेला असतो.

टिकण्याबद्दल आम्हाला नेहमी विचारले जाते. कोकमाच्या किंवा लिंबाच्या सरबताला आंबटपणाचे संरक्षण असते. भोपळ्यात आंबटपणा नाही. म्हणून हा पाक फळीवर ठेवण्याचा नव्हे. उकळत्या पाण्याने धुऊन वाळवलेल्या काचेच्या बाटलीत भरावा, फ्रिजमध्ये ठेवावा, बाटलीवर तारीख लिहावी आणि आठवडाभरात संपवावा. वास बदलला, बुडबुडे दिसले की टाकून द्यावा. थोडाच करावा आणि पुन्हा करावा.

आता पेल्याकडे येऊ. गरम कॉफीला एक चमचा पुरे. दूध उकळून खाली उतरवल्यावरच पाक मिसळावा, कारण चुलीवर असताना गुळाने दूध फाटू शकते. मुलांसाठी गार दुधात एक चमचा पाक आणि भिजवलेला सब्जा घालावा. इफ्तारला किंवा मेहमान आले असताना हेच पेय थंड करून द्यावे. घरात मधुमेह असलेल्यांनी गुळावर भरवसा ठेवू नये, शरीराला तीही साखरच. त्यांच्यासाठी हाच मसाला आणि दोन चमचे गर बिनसाखरेच्या दुधात उकळून गाळून द्यावा. भोपळ्याची अंगची गोडी थोडी असतेच, आणि सगळ्यांबरोबर बसून पेला हाती घेतल्याचे समाधानही मिळते.

पुढच्या अंकात आंबट सरबतांकडे वळू. आपल्या घरी कोकमाचा पाक कसा करतात आणि तो किती दिवस टिकतो, ते आम्हाला जरूर लिहून कळवावे.