सूर्यावर स्फोट झाला, तर भोर-वेल्ह्यातल्या जमिनीच्या मोजणीचं काय?

भोर आणि वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका. डोंगरउतारावरची शेतं, भावाभावांतल्या वाटण्या आणि पुण्याच्या जवळिकीमुळे वाढलेले जमिनीचे भाव. इथे एका फुटासाठीही वाद होतात. पूर्वी साखळी आणि प्लेन टेबल घेऊन होणारी मोजणी आता रोव्हर नावाच्या यंत्राने होते. काठीवर बसवलेलं हे यंत्र उपग्रहांचे संदेश पकडून हद्दीचा बिंदू काही सेंटिमीटरच्या अचूकतेने सांगतं. त्यावरूनच पुढे 'क' प्रत तयार होते.

पण या रोव्हरचा आणि सूर्याचा एक थेट संबंध आहे. सूर्य शांत आहे की खवळलेला, यावर त्याची अचूकता काही प्रमाणात अवलंबून असते. कशी, ते समजून घेऊ.

सूर्यावर नेमकं काय होतं?

सूर्य हा प्लाझ्माचा गोळा आहे. वायू इतका तापतो की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात, त्या अवस्थेला प्लाझ्मा म्हणतात. प्लाझ्मा आणि चुंबकीय क्षेत्र एकमेकांना धरून असतात. सूर्यावरच्या डागांजवळ या चुंबकीय रेषा पिळल्या जातात, ताणल्या जातात आणि कधीतरी तुटून नव्याने जोडल्या जातात. साठलेली ऊर्जा तेव्हा काही मिनिटांत बाहेर पडते. हीच सौर ज्वाळा.

ज्वाळांची प्रतवारी ए, बी, सी, एम आणि एक्स अशी होते. प्रत्येक पायरी आधीच्या दहापट तीव्र. ज्वाळेचे क्ष-किरण आणि अतिनील किरण साधारण ८ मिनिटांत पृथ्वीवर पोहोचतात. काही वेळा सोबत अब्जावधी टन प्लाझ्माही उसळतो. तो यायला बहुधा एक ते तीन दिवस लागतात. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला त्याचा धक्का बसला, की त्याला भूचुंबकीय वादळ म्हणतात.

रोव्हर कुठे अडखळतो?

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. त्यांचे संदेश खाली येताना आयनांबरातून जातात. वातावरणाचा हा वरचा थरही प्लाझ्माचाच, सूर्यकिरणांनी तयार केलेला. त्यात संदेश किंचित रेंगाळतो. साध्या यंत्रात या उशिरामुळे कित्येक मीटरची चूक होऊ शकते.

यावर उपाय म्हणून ठिकठिकाणी कायमची संदर्भ केंद्रं उभारली आहेत. त्यांना कॉर्स म्हणतात. केंद्राची जागा पक्की माहीत असल्यामुळे चूक किती आहे हे कळतं आणि तेवढी दुरुस्ती रोव्हरला पाठवली जाते. यामागे एक गृहीतक आहे: केंद्रावरचं आकाश आणि शेतावरचं आकाश जवळपास सारखं असणार. सूर्य खवळला की आयनांबर ठिकठिकाणी वेगळं वागतं आणि हे गृहीतक डळमळतं. मग रोव्हरच्या पडद्यावर 'फिक्स' ऐवजी 'फ्लोट' दिसू लागतं, म्हणजे सेंटिमीटरची खात्री गेली.

महाराष्ट्राच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. त्यामुळे आपल्या डोक्यावरचं आयनांबर जगातल्या सर्वांत चंचल पट्ट्यांपैकी एका पट्ट्यात येतं. दुपारी त्यात इलेक्ट्रॉनची गर्दी होते, तर सूर्यास्तानंतर कधी कधी प्लाझ्माचे पोकळ 'बुडबुडे' वर चढतात. कोल्हापुरातून शास्त्रज्ञांनी रात्रीच्या आकाशातल्या मंद प्रकाशाची छायाचित्रं घेऊन या बुडबुड्यांचा अभ्यास केला आहे. त्यात तोरणा आणि राजगडाच्या कुशीतल्या खोऱ्यांत डोंगरांमुळे मुळातच कमी उपग्रह दिसतात. त्यातल्या दोघातिघांचे संदेश बिघडले, तर यंत्राच्या हाती फारसं काही उरत नाही.

हे फक्त कागदावरचं आहे का?

नाही. १० आणि ११ मे २०२४ रोजी २००३ नंतरचं सर्वांत तीव्र भूचुंबकीय वादळ आलं. लडाखमध्ये हानले इथे आकाश लालसर दिसलं. अमेरिकेत पेरणीचे दिवस होते. जीपीएसवर सरळ तास धरणारे ट्रॅक्टर भरकटू लागले आणि अनेक शेतकऱ्यांना काम थांबवावं लागलं.

सर्वांत मोठ्या वादळांपैकी एकाची नोंद तर मुंबईतली आहे. सप्टेंबर १८५९ मध्ये आलेल्या 'कॅरिंग्टन' वादळाचा तडाखा कुलाबा वेधशाळेने टिपला. तिथे चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरलं होतं. जगभरचे संशोधक आजही त्या वादळाची ताकद मोजताना हाच आकडा वापरतात.

पुण्याचा यात वाटा काय?

२ सप्टेंबर २०२३ रोजी इस्रोने आदित्य एल-१ हे यान सोडलं. ६ जानेवारी २०२४ ला ते पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरच्या एल-१ बिंदूभोवतीच्या कक्षेत पोहोचलं. त्यावरच्या सात उपकरणांपैकी 'सूट' ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुकाने तयार केली. ११ गाळण्या वापरून ती सूर्याच्या वेगवेगळ्या थरांची छायाचित्रं घेते. २२ फेब्रुवारी २०२४ ची एक्स ६.३ तीव्रतेची ज्वाळा तिने टिपली. ज्वाळेची ऊर्जा सूर्याच्या खालच्या थरांत कुठे उतरते, हे त्यातून दिसलं.

पण छायाचित्रात चुंबकीय रेषांचा सगळा पीळ दिसत नाही. त्यासाठी संगणकातला सूर्य लागतो. शास्त्रज्ञ सूर्याचा एक तुकडा लाखो चौकटींत विभागतात आणि प्रत्येक चौकटीत प्लाझ्माची घनता, वेग, तापमान आणि चुंबकीय क्षेत्र किती, याची समीकरणं क्षणाक्षणाला सोडवतात. निघालेलं उत्तर दुर्बिणीतल्या दृश्याशी ताडून पाहतात. जुळलं नाही तर गृहीतकं बदलतात.

अडचण आकाराची आहे. ज्वाळेचा पसारा हजारो किलोमीटरचा, पण रेषा तुटण्या-जोडण्याची मूळ क्रिया काही मीटरच्या अंतरात घडते. दोन्ही एकाच वेळी मांडणं महासंगणकालाही झेपत नाही. म्हणून प्लाझ्मा पृथ्वीवर कधी पोहोचेल, या अंदाजात आजही दहाएक तासांची चूक सहज होते. शिवाय त्यातल्या चुंबकीय क्षेत्राची दिशा दक्षिणेकडे असेल तर वादळ जोर धरतं, आणि ही दिशा खात्रीने कळते ती प्लाझ्मा एल-१ जवळ आल्यावरच. तिथून पृथ्वीपर्यंतचा अवधी जेमतेम १५ मिनिटं ते तासभर.

मग गावात काय करायचं?

घाबरायचं कारण नाही. 'आज रात्री मोबाईल बंद ठेवा, घातक किरण येणार' असे मेसेज पुढे पाठवू नका. वातावरण आणि चुंबकीय क्षेत्र जमिनीवरच्या माणसाचं रक्षण करतात. अडचण येते ती यंत्रांना.

मोजणीच्या दिवशी मात्र काही गोष्टी पाहता येतात. हद्दीचा बिंदू घेताना यंत्र 'फिक्स' दाखवतंय ना, हे विचारा. वादाची हद्द असेल तर तोच बिंदू तासा-दोन तासांनी पुन्हा घ्यायची विनंती करा. तोपर्यंत उपग्रहांची जागा आणि आयनांबर दोन्ही बदललेलं असतं, त्यामुळे चूक असली तर उघडी पडते. जुन्या पक्क्या दगडाशी पडताळणी झाली तर उत्तमच. त्यानंतरही निकाल पटला नाही, तर निमताना मोजणीचा मार्ग आहे.

नासा आणि अमेरिकेच्या नोआ संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं, की सूर्य त्याच्या साधारण ११ वर्षांच्या चक्राच्या शिखर टप्प्यात आला आहे. शिखर ओसरू लागल्यावरही काही वर्षं मोठी वादळं येत राहतात. हवामान खात्याचा पावसाचा अंदाज बघून पेरणीचा दिवस ठरतो. उद्या अवकाश हवामानाचा अंदाज बघून मोजणीची वेळ ठरवता आली, तर आयुकातल्या दुर्बिणीचा आणि संगणकातल्या सूर्याचा उपयोग थेट बांधापर्यंत पोहोचेल.