रक्त बांबोळीला, बाई घरी

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईत काढलेले रक्त बाटलीत भरून बांबोळीला, गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉत) पाठवता येते. सोनोग्राफीसाठी मात्र बाई, यंत्र आणि पडद्यावरचे ओळखणारा डॉक्टर एका खोलीत लागतात. अंडाशयाच्या कर्करोगासाठी सीए-125 ही रक्ततपासणी सोपी वाटते ती एवढ्याचसाठी. या सोयीवर विसंबणे सत्तरीतल्या बायकांना महागात पडेल.

सीए-125 चा आकडा 35 च्या वर गेला की घरात रडारड सुरू होते. पण तो पाळीच्या दिवसांत वाढतो, गर्भाशयातल्या साध्या गाठींनी वाढतो आणि पोटाच्या क्षयात तर भरमसाट वाढतो. क्षय अजून न गेलेल्या देशात हे विसरून कसे चालेल? उलट कर्करोग पहिल्या टप्प्यात असताना जवळजवळ निम्म्या रुग्णांत हा आकडा वाढलेलाच नसतो. म्हणजे जीव वाचण्याची संधी सर्वांत मोठी असते तेव्हाच ही तपासणी दगा देते.

सोनोग्राफीत गाठच दिसते: नुसती पाण्याची की आत घट्ट भाग असलेली, एका बाजूला की दोन्हीकडे, पोटात पाणी साठले आहे का. या खुणा, पाळी गेली की नाही आणि सीए-125 यांचा गुणाकार करून धोका ठरवण्याची रीत 1990 पासून आहे. रक्ताच्या आकड्याला अर्थ येतो तो या जोडीने.

काहीच त्रास नसलेल्या बायकांची सरसकट तपासणी तर नकोच. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीचा अंतिम निष्कर्ष 2021 मध्ये आला: रक्ततपासणीने वा सोनोग्राफीने मृत्यू कमी झाले नाहीत. अमेरिकेतल्या अशाच चाचणीत तर कर्करोग नसलेल्या 1080 जणींवर शस्त्रक्रिया झाली.

म्हणून वाळपईत फुकट सीए-125 चे शिबिर कुणी भरवू नये. पन्नाशीपुढची बाई पोट फुगते, दोन घासांत भरते, लघवीला सारखे जावे लागते असे पुन्हापुन्हा सांगत असेल, तर गॅसची गोळी देऊन तिला परत धाडू नये; सोनोग्राफी करावी, रक्तही तपासावे. त्यासाठी तिची मजुरी बुडवून बांबोळीची बस धरायला लावू नये. सोनोग्राफी वाळपईतच, ठरलेल्या वारी आणि जाणकार डॉक्टरकडून व्हावी, ही मागणी लोकप्रतिनिधींनी लावून धरावी. आई किंवा बहिणीला स्तनाचा वा अंडाशयाचा कर्करोग झालेल्या बाईने मात्र त्रासाची वाट न पाहता गोमेकॉत जनुकीय तपासणीविषयी विचारावे.