दंगलीनंतरची शांतता समिती काय कामाची?

शेतकरी बांधवांनो, कुठे दगडफेक झाली की दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक भरते. तेच चार पुढारी, तोच चहा, तीच भाषणं. डोकं फुटल्यावर पट्टी बांधायलाच हवी, त्याला कोण नाही म्हणतो? पण डोकं फुटूच नये म्हणून आधी काय केलं, हा खरा सवाल आहे. आणि त्याचं उत्तर आपल्याच ठाणे जिल्ह्यात, भिवंडीत सापडतं.

भिवंडी दोनदा होरपळली. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून दंगल पेटली. ती शहरात थांबली नाही, खोणी आणि नागावपर्यंत पोचली. मे १९८४ मध्ये पुन्हा तेच. माणसं गेली, माग जळाले, मजूर गावाकडे पळाले. शहराची बाजारपेठ बंद पडली की भाजी अन् दूध कुणाच्या दारात नासतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

१९८८ साली सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. त्यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यात समित्या नेमल्या. हिंदू निम्मे, मुसलमान निम्मे, आणि सोबत त्या भागाचा पोलीस. पुढाऱ्यांपेक्षा रोज एकमेकांच्या दारावरून जाणारी साधी माणसं त्यांत घेतली. बैठका नियमानं व्हायच्या, तंटा असो वा नसो. माणसं एकमेकांना नावानं ओळखू लागली, पोलिसालाही ओळखू लागली.

कसोटी लागली डिसेंबर १९९२ ला. बाबरी मशीद पडली आणि मुंबई पेटली. त्या महिन्यात आणि पुढच्या जानेवारीत मिळून मुंबईत ९०० माणसं मेल्याची नोंद श्रीकृष्ण आयोगानं केली. आणि ज्या भिवंडीची सगळ्यांना धास्ती होती, ती शांत राहिली!

मात्र एकदा जमलं म्हणजे कायमचं जमलं, असं समजू नका. जुलै २००६ मध्ये याच भिवंडीत पोलीस ठाण्याच्या जागेवरून वाद पेटला. पोलिसांच्या गोळीबारात दोघे गेले, जमावाच्या हातून दोन पोलीस मारले गेले. ओळख म्हणजे शेतासारखी असते. एक वर्ष पडीक ठेवलं की तण माजतं.

कुणी म्हणेल, "आमच्या गावात सगळे आपलेच, भांडण कशाचं?" जरा वेशीबाहेर बघा. भिवंडी तालुक्यात भातशेतीवर गोदामं उभी राहिली. कल्याण-शीळ रस्त्याला चाळी आणि इमारती झाल्या. आगरी, कुणबी, कोकणी मुसलमान, कातकरी, वारली ही आपली जुनी वस्ती. त्यांच्या शेजारी आता उत्तर प्रदेश-बिहारचा हमाल आणि तेलुगू मागवाला राहतो. भाडं आपण मोजून घेतो, पण भाडेकऱ्याचं नाव किती जणांना ठाऊक आहे? उद्या कुणाचा बैल चोरीला गेला आणि मोबाइलवर एका जमातीचं नाव फिरलं, तर खरं-खोटं विचारायला त्या वस्तीत तुमच्या ओळखीचं कोण आहे?

यासाठी नवा कायदा नको की अनुदान नको. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम २००७ साली सुरू झाली. तुमच्या गावच्या समितीची शेवटची बैठक कधी झाली, हे सरपंचांना विचारा. त्या समितीत कातकरीवाडीचा, मशिदीजवळच्या आळीचा, चाळीतल्या भाडेकऱ्यांचा माणूस आहे का, तेही बघा. नसेल तर येत्या ग्रामसभेत विषय मांडा. पोलीस पाटलांनी महिन्याचा एक दिवस ठरवावा. सुरुवातीला धर्माची चर्चा नकोच. नळाचं पाणी, तुंबलेलं गटार, मोकाट गुरं, मिरवणुकीचा आणि उरुसाचा रस्ता, एवढे विषय पुष्कळ झाले. बाहेरच्या माणसाला मराठी येत नसेल तर मोडक्या हिंदीत बोला, काही बिघडत नाही.

सरपंच, पोलीस पाटील, पंचायतीचे भाऊसाहेब, पहिली बैठक भातलावणीच्या आधीच घ्या. पुढे गणपती, पुढे जुलूस, आणि मग निवडणुका. तेव्हा ओळख करून घ्यायला कुणालाच सवड नसते.