नऊ गुंठ्यांचा चौकोन

मे महिन्यातलं खानदेशचं उपग्रहचित्र उघडलं की नजर आधी तापीकाठी जाते. कपाशी कधीच उपटून झालेली असते, पारोळा-अमळनेरकडची रानं नांगरून उघडी पडलेली असतात, आणि रावेर-यावलच्या बाजूला केळीचा पट्टा मात्र हिरवागार असतो. युरोपीय अवकाश संस्थेचे सेंटिनेल-2 उपग्रह 2015 पासून अशी चित्रं टिपतात आणि ती कुणालाही मोफत मिळतात. त्यातला एक चौकोन जमिनीवर दहा मीटर लांब आणि तेवढाच रुंद, म्हणजे जवळपास एक गुंठा. अमेरिकेच्या लँडसॅटची जुनी चित्रं जास्त भरड. तिथला चौकोन तीस मीटरचा, म्हणजे सुमारे नऊ गुंठ्यांचा.

चित्र दिसतं म्हणून नकाशा तयार होत नाही. काय दाखवायचं, काय गाळायचं, रेघ कुठे ओढायची आणि कुठला रंग धोक्याचा मानायचा, हे कुणीतरी ठरवतं तेव्हा तो होतो. या ठरवण्यात ज्याचं शिवार आहे तो माणूस असतो का, हा या आठवड्याचा मुद्दा.

जळगाव जिल्ह्याला याचा ताजा अनुभव आहे. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, म्हणजे गावोगावी ज्याला ‘पोकरा’ म्हणतात त्यात, मराठवाडा-विदर्भाच्या जिल्ह्यांसोबत जळगावही होता. जागतिक बँकेनं 2018 मध्ये त्यासाठी कर्ज मंजूर केलं. या प्रकल्पासाठी मुंबईच्या आयआयटीनं पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत बसवली. ती क्यूजीआयएस या मोफत नकाशाप्रणालीत चालते. मातीचा पोत आणि खोली, जमिनीचा उतार, जमिनीचा वापर, महसूल मंडळातला रोजचा पाऊस आणि पीक असे थर एकमेकांवर ठेवले जातात. मग पडलेल्या पावसातलं किती वाहून गेलं, किती मातीत राहिलं, किती खाली मुरलं आणि पिकाला किती कमी पडलं, याचा दिवसावार हिशेब निघतो. शेततळं हवं की बांधबंदिस्ती, हे पुढाऱ्याच्या शब्दाऐवजी अशा हिशेबावर ठरावं, हे फार मोलाचं आहे.

तरी हा हिशेब नकाशावर उतरवताना हात जपून चालवावा लागतो. समजा, पिकाला 100 मिलिमीटरपेक्षा जास्त पाणी कमी पडणारं गाव लाल दाखवायचं ठरलं, तर 98 मिलिमीटरचं गाव पिवळं राहतं. मर्यादा 90 वर आणली की तेच गाव लाल होतं. पाऊस तोच, माती तीच. लाल गावांना कामं आधी मिळणार असतील, तर ही मर्यादा कुणी आणि का ठरवली हे नकाशाच्या कोपऱ्यात मराठीत छापलेलं असायलाच हवं. प्रमाणाचंही तसंच. एकास पन्नास हजार प्रमाणाच्या नकाशात एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर पन्नास मीटर. त्यावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघच पंचवीस मीटर रुंद होते. असा नकाशा मोबाइलवर बोटांनी मोठा करून कुणी आपल्या बांधाशी ताडून पाहिला, तर भाऊबंदांत भांडण लागायला वेळ लागत नाही. हा नकाशा गटापर्यंत वाचायचा नाही, एवढं एक वाक्य तिथे हवं, आणि तेही ठळक.

खालचा खडक विसरला की काय होतं, याचं उदाहरण शिरपूर. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर आणि आमदार अमरिशभाई पटेल यांनी 2004 च्या सुमारास त्या तालुक्यात नाले रुंद-खोल करून साखळी बंधारे बांधायला सुरुवात केली. पाणी अडलं, मुरलं, आणि ‘शिरपूर पॅटर्न’ राज्यभर गाजला. पण शिरपूरचा तापीकाठ गाळाचा आहे. वरचा चिकणमातीचा थर पाणी खाली जाऊ देत नाही. तो फोडून वाळूच्या थरापर्यंत पोचायचं, हे तिथल्या कामाचं मर्म होतं. साक्रीकडे किंवा दक्षिणेला काळ्या पाषाणात तसा वाळूचा थर नाही. तिथे नाला कितीही खोल केला तरी त्या प्रमाणात पाणी मुरेलच असं नाही, उलट शेजारच्या विहिरींचं पाणी नाल्यात झिरपून जाण्याची भीती असते. भूजल अभ्यासकांनी सरसकट अनुकरणाविरुद्ध बजावलं ते याच कारणानं. भूशास्त्राचा थर उघडून पाहायला संगणकावर फार वेळ लागत नाही. तो प्रत्येक ग्रामसभेसमोर आधी ठेवला गेला असता, तर राज्यात बरीच खोदाई वाचली असती, असं या स्तंभाला ठामपणे वाटतं.

सर्वात कठीण प्रश्न मात्र सातपुड्यात आहे. यावल, चोपडा, रावेर आणि शिरपूरच्या डोंगरपट्ट्यात, तसंच पश्चिमेला साक्रीत, वनहक्क कायद्याखालचे दावे आहेत. जमीन 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून कसत असल्याचं दाखवायचं आणि जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत हक्क मागायचा. अशा वेळी जुनं उपग्रहचित्र काढून ‘इथे शेत दिसत नाही’ असं म्हणणं सोपं असतं. पण उतारावरचं वीस गुंठ्यांचं वावर लँडसॅटच्या दोन-सव्वादोन चौकोनांत संपतं. त्यात बांधावर मोहाची झाडं राखलेली असतात, ती चौकोनाचा रंग बदलतात. उन्हाळ्यात साग पानं गाळतो, तेव्हा विरळ जंगल आणि मोकळं वावर जवळपास सारखंच दिसतं. कायद्याच्या नियमांत 2012 साली दुरुस्ती झाली, तीत हे स्पष्ट केलेलं आहे: उपग्रहचित्रासारखं तंत्र बाकीच्या पुराव्याला पूरक म्हणून वापरायचं, त्याच्या जागी नाही.

शेजारच्या गुजरातेत नर्मदा जिल्ह्यातल्या आर्च-वाहिनी या संस्थेनं हेच तंत्र दावेदारांच्या बाजूनं वापरलं. गावातल्या तरुणांनी जीपीएस यंत्र हातात घेऊन प्लॉटच्या कडेकडेनं चालत मोजणी केली, ती चित्रांवर बसवली. त्या संस्थेच्या याचिकेवर गुजरात उच्च न्यायालयानं 2013 मध्ये फेटाळलेले दावे पुन्हा तपासायला सांगितलं. यंत्र साधं होतं. फरक पडला तो मोजणारा कोण होता यामुळे.

सामूहिक आखणी खानदेशाला नवी नाही. पांझरेच्या खोऱ्यातल्या फडपद्धतीत बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली असे. एका फडात एक पीक, पाण्याची पाळी ठरलेली, आणि ती राखायला पाटकरी-जागल्या. कुठलं पाणी कुठवर जातं हे तिथल्या शेतकऱ्याला तोंडपाठ असे. हे ज्ञान आजच्या थरांत अजून फारसं उतरलेलं नाही, आणि ते सांगू शकणारी पिढी थकत चालली आहे. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठानं आणि धुळ्याच्या महाविद्यालयांनी भूगोलाच्या विद्यार्थ्यांना या कामाला लावावं. फडांच्या सीमा, जुने पाट, बंद पडलेले बंधारे त्या शेतकऱ्यांबरोबर फिरून नोंदवता येतील.

सरकारकडून अपेक्षा मोठी नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्रानं नकाशे बनवण्यासाठीच्या बहुतेक परवान्यांची अट काढून टाकली. नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन केंद्राकडे माती, जमीनवापर आणि पाणलोटाचे थर आहेत. ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः पिकाचा फोटो स्थानासकट चढवतो आहे. पण गावानं भरलेली ही माहिती गावाच्या नकाशाच्या रूपात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागायला हवी. फाइल उघडून वापरता येईल अशी द्यावी, नुसतं चित्र नको. वैयक्तिक नावं वगळावीत. आणि चुकीची नोंद कुणाला, किती दिवसांत दुरुस्त करून मिळेल, ते नकाशाखालीच लिहावं. सुरुवात पावसाळा संपता संपता करावी, म्हणजे रब्बीचं पीक ठरवायच्या ग्रामसभेत तो नकाशा समोर असेल.