पुरुषांच्या नोकरीवरून गाव ठरू नये

2011 च्या जनगणनेत गोव्याची 62 टक्के वस्ती शहरी ठरली. देशातल्या राज्यांमध्ये हे प्रमाण सर्वाधिक होते. 2001 मध्ये ते जेमतेम 50 टक्के होते. पण राज्यातल्या 70 शहरांपैकी पालिका असलेली फक्त 14. उरलेली 56 ‘जनगणना शहरे’, म्हणजे नोंद शहराची आणि कारभार पंचायतीचा. त्यासाठी अटी तीन: किमान 5,000 वस्ती, चौरस किलोमीटरला किमान 400 माणसे आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेर.

खोट आहे ती तिसऱ्या अटीत. तिच्यात बायकांचे काम धरलेलेच नाही आणि वर्षातून सहा महिन्यांहून कमी राबणारा ‘मुख्य’ ठरत नाही. पेडणे तालुक्यात घरधनी हॉटेलात किंवा टॅक्सीवर, आणि भाताची लावणी, हरमलच्या मिरचीची मशागत बाईच्या हाती असेल, तर त्या घरची शेती या हिशेबात शून्य. डिचोली तालुक्याची अडचण वेगळी. खाणीवर जाणारे आणि खनिजाचे ट्रक चालवणारे 2011 मध्ये बिगरशेती गटात मोजले गेले. 2012 मध्ये खाणी थांबल्या, पुढे सुरू झाल्या आणि 2018 मध्ये पुन्हा बंद पडल्या. पेडण्यात 2023 पासून मोपाचा विमानतळ चालू झाला. पण 2021 ची जनगणनाच न झाल्याने कागदावर दोन्ही तालुके आजही 2011 मध्येच आहेत.

देशभर एकच मोजपट्टी नको का, असे कोणी विचारेल. हवीच, तिच्याशिवाय राज्यांची तुलना होणार नाही. गावांत इमारती आणि कचरा वाढलाय, हेही खरे. पण गटार, नळ आणि कचऱ्याची सोय घरांच्या दाटीवर, विहिरींच्या पाण्यावर ठरते. कोणाचा मुलगा कुठे नोकरीला जातो यावर नाही. शिवाय या नोंदीने पंचायतीला पालिकेचे अधिकार मिळत नाहीत. मग ‘गाव शहरीच झाले’ म्हणत भातजमिनीवर बांधकामाला वाट करून देण्यापुरताच तिचा उपयोग उरू नये. 2027 च्या जनगणनेत बायकांचे आणि हंगामी काम गाववार पुढे मांडावे आणि जमिनीचा निर्णय जमीन, पाणी पाहून ग्रामसभेसमोर व्हावा.